होल्डन आणि आमचा मुलगा

प्रश्न : सोळा वर्षांचा आमचा मुलगा 'द कॅचर इन द राय' वाचून म्हणाला, "हा होल्डन म्हणजे मीच." मला तर तो पोरगा निव्वळ उर्मट वाटला. काळजी करावी का?

उत्तर : उर्मट तो आहेच. शाळेतून काढलेला, थापाड्या, दिसेल त्याला ढोंगी ठरवणारा. पण त्याच्या धाकट्या भावाबद्दलची पानं पुन्हा वाचा. ॲली रक्ताच्या कर्करोगाने गेला त्या रात्री तेरा वर्षांच्या होल्डनने गॅरेजच्या काचा मुठीने फोडल्या. हिरव्या शाईत कविता लिहिलेला ॲलीचा बेसबॉलचा हातमोजा तो अजून जवळ बाळगतो. आणि मन मोकळं करायला दहा वर्षांची बहीण फीबी सोडली तर आहे कोण? सॅलिंजरची ही कादंबरी १९५१ची. आपल्याकडे १९६३च्या 'कोसला'त पांडुरंग सांगवीकरही टवाळी भरपूर करतो, पण धाकटी बहीण मनी गेल्यावर पार कोलमडतो.

मुलाला बहुधा हे एकटेपणच ओळखीचं वाटलं असावं. "कुठला प्रसंग आवडला?" एवढंच विचारा आणि (हे आईवडिलांना जड जातं) पुढे गप्प बसा. झोप, जेवण, मित्र सगळंच सुटत चाललं असेल, तर मात्र पुस्तकावर खापर न फोडता समुपदेशकाला भेटा.