नकाशा जमिनीवर : प्राचीन संस्कृती आणि भूगोल यांच्या अध्यापनाचा आमचा अनुभव

इतिहासाचा तास आणि भूगोलाचा तास आपल्या शाळांच्या वेळापत्रकात निरनिराळे असतात. ‘प्राचीन संस्कृती नद्यांच्या काठी उदयास आल्या’ हे वाक्य विद्यार्थी इतिहासाच्या वहीत लिहितो; नदी, तिचा पूर आणि तिचा गाळ यांची माहिती भूगोलाच्या वहीत लिहितो. दोन्ही वह्या एकाच दप्तरात असूनही त्यांचा परस्परांशी संबंध येत नाही. परीक्षेत दोन्हीकडे गुण मिळतात. परंतु ‘नदीकाठीच का?’ असे विचारले, तर ‘पाणी होते म्हणून’ यापलीकडे उत्तर जात नाही. पाणी तर प्रत्येक नदीला असते. मग प्रत्येक नदीकाठी नगरे का उभी राहिली नाहीत?

आपल्या वसतिगृहात राहून शिकणाऱ्या सहावी ते आठवीच्या मुलामुलींना हा भाग शिकवताना आम्हांस जे उमगले, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी व पालक यांच्यासमोर ठेवीत आहोत.

सुरुवात एका चुकीपासून झाली. भिंतीवर टांगलेल्या नकाशावर आम्ही नाईल नदी दाखवीत होतो. ती दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते आणि भूमध्य समुद्रास मिळते, असे सांगताच सहावीतील एका मुलीने हात वर केला. “सर, नदी वर कशी चढेल?” वर्ग हसला, पण विचार केल्यावर लक्षात आले, की हसणाऱ्यांपैकीही बहुतेकांचा समज तोच होता. नकाशात उत्तर वरच्या बाजूस असते, आणि भिंतीवरच्या नकाशात वरची बाजू खरोखरच उंचावर असते. मुलीचा तर्क चुकीचा नव्हता. नकाशा टांगण्याची आमची रीत तिची दिशाभूल करीत होती.

तेव्हापासून आम्ही पहिला धडा नकाशा जमिनीवर पसरून घेतो. होकायंत्र ठेवून नकाशाची उत्तर आणि मैदानाची उत्तर जुळवून घेतो. मुले नकाशाभोवती बसतात आणि आधी रंग वाचतात. इथिओपियाचा उंच प्रदेश तपकिरी, नाईलच्या मुखाजवळचा सखल त्रिभुज प्रदेश हिरवा. पाणी तपकिरीकडून हिरव्याकडे येणार, मग ती दिशा कोणतीही असो. हे समजले की मुले आपणहून गोदावरी शोधतात. त्र्यंबकेश्वरपासून पश्चिमेचा समुद्र सुमारे ८० किलोमीटरवर असताना ती त्याकडे पाठ फिरवून १,४६५ किलोमीटर दूर बंगालच्या उपसागरास का जाते, याचे उत्तर सह्याद्रीच्या रंगात त्यांना दिसते.

यानंतरचा धडा पुराचा. ‘पूर केव्हा येतो?’ हा एकच प्रश्न आम्ही तीन नद्यांना विचारतो. नाईलला पूर येई तो इथिओपियाच्या डोंगरांतील उन्हाळी मोसमी पावसामुळे, साधारण जूनअखेर ते सप्टेंबर या काळात. पाणी ओसरले की काळा गाळ मागे राही आणि त्यात पेरणी होई. पीक पुढचा पूर येण्याआधी घरात येई. म्हणूनच इजिप्तच्या लोकांनी वर्षाचे तीन ऋतू मानले : पुराचा, उगवणीचा आणि कापणीचा. मेसोपोटेमियात मात्र तैग्रिस आणि युफ्रेटिस यांना पूर येई तो उत्तरेकडील डोंगरांवरचे बर्फ वितळल्यामुळे, एप्रिल-मेच्या सुमारास. त्या वेळी शेतात गहू आणि सातू कापणीस आलेले असत. जो पूर नाईलच्या काठी पेरणीस मदत करी, तोच इथे हाताशी आलेले पीक बुडवू शके. म्हणून सुमेरच्या लोकांना बांध घालावे लागले, कालवे खणावे लागले, आणि त्यासाठी पुष्कळ माणसांनी एकत्र येऊन काम करण्याची व्यवस्था उभारावी लागली. सिंधूच्या खोऱ्यात उन्हाळ्यातला पूर ओसरल्यावर गहू आणि सातू पेरीत. आपल्या भाषेत सांगायचे तर ती रब्बीची पिके होत. शेतमजुरी करणाऱ्या आईवडिलांची मुले हा तक्ता शहरातल्या मुलांपेक्षा लवकर पुरा करतात, असा आमचा अनुभव आहे.

तिसरा धडा मातीचा. दिवाळीच्या सुट्टीहून परतताना प्रत्येकाने गावची मूठभर माती आणावी, असे आम्ही सांगतो. काळी, तांबडी, मुरमाड अशा मुठी कागदावर मांडल्या, की ‘जमिनीत जे असते त्यातून माणूस घडवतो’ हे सांगण्यास वेगळे शब्द लागत नाहीत. दक्षिण मेसोपोटेमियाच्या गाळाच्या मैदानात ना दगड, ना चांगले लाकूड. तेथील माणसाने मातीच्या विटांची घरे आणि मंदिरे बांधली आणि ओल्या मातीच्या पाट्यांवर बोरूने लिहिले. नाईलच्या दोन्ही बाजूंस खडकांचे कडे. तिथे पिरॅमिड दगडाचे झाले, आणि लेखनाचे साधन नदीकाठच्या पपायरस वनस्पतीपासून झाले. सिंधूच्या मैदानात मातीच विपुल. तिथल्या मोहेंजोदडोने भाजलेल्या विटांचे नगर उभे केले. आणि आपल्या महाराष्ट्रात ज्वालामुखीच्या लाव्हारसापासून बनलेला अखंड काळा पाषाण. इथे कार्ले, कान्हेरी, अजिंठा ही लेणी डोंगरातच कोरली गेली.

विटांच्या या धड्याच्या वेळी एक मुलगा उभा राहिला. त्याचे आईवडील हंगामात वीटभट्टीवर असतात. एरवी तो वर्गात फारसा बोलत नसे. हडप्पा संस्कृतीच्या विटांची जाडी, रुंदी आणि लांबी यांचे प्रमाण बहुतेक ठिकाणी १:२:४ असे आढळते, हे पुस्तकातले वाक्य आम्ही वाचले, तेव्हा तो म्हणाला, “एकाच मापाचा साचा असल्याशिवाय असं होत नाही, सर.” मग त्यानेच फळ्यापुढे येऊन सांगितले, की लांबी रुंदीच्या दुप्पट असली म्हणजे वीट आडवी लावली काय आणि उभी लावली काय, थर बरोबर जुळतात आणि सांध्यावर सांधा येत नाही. शेकडो मैल दूर असलेल्या नगरांत एकच प्रमाण वापरले जात होते, याचा अर्थ त्या दिवशी वर्गास कळला, आणि तो शिकवणारे आम्ही नव्हतो.

परंतु याच संस्कृतीने आम्हांस सर्वांत अवघड प्रश्नापुढे उभे केले. मोहेंजोदडोच्या घराघरांतील न्हाणीघरे, त्यांचे पाणी वाहून नेणारी विटांची गटारे, त्यांवरची काढता येणारी झाकणे, गाळ साठण्यासाठी केलेले खड्डे यांचे चित्र आम्ही दाखवीत होतो. ‘केवढी प्रगत नगररचना!’ असे म्हणून पुढे जाण्याची पुस्तकांची रीत आहे. आम्हीही तसेच करणार होतो. तेवढ्यात आठवीतील एका मुलीने विचारले, “सर, ती गटारं कोण साफ करत होतं?”

वर्गात शांतता पसरली. तो प्रश्न कोठून आला, हे आम्हांस कळत होते, आणि तिच्या वर्गमित्रांसही. आपल्या विद्यालयात येणाऱ्या कित्येक मुलांच्या घराण्यांनी गावची घाण पिढ्यान्‌पिढ्या उपसली आहे. त्यांच्यासाठी हा प्रश्न पुरातत्त्वाचा नसतो.

आम्ही त्या दिवशी उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी पूर्ण तास त्या एका प्रश्नास दिला. पुरावा काय सांगतो, ते फळ्याच्या एका बाजूस लिहिले. झाकणे काढता येत, म्हणजे गटारे नेमाने उपसली जात. घरे लहान व मोठी होती, म्हणजे सर्वांची ऐपत सारखी नव्हती. त्याच वेळी विहिरी इतक्या, की मोहेंजोदडोत त्यांची संख्या सुमारे सातशे असावी असा अभ्यासकांचा अंदाज आहे. भव्य राजवाडा किंवा राजाची थडगी म्हणून निश्चितपणे ओळखता येईल असे काही तेथे सापडलेले नाही. फळ्याच्या दुसऱ्या बाजूस पुरावा जे सांगत नाही ते लिहिले. त्या लोकांची लिपी अद्याप वाचता आलेली नाही; गटारे उपसणारे जन्माने ठरत होते, असे दाखवणारा कोणताही पुरावा नाही; आणि तेथे सर्व माणसे समान होती, असे सिद्ध करणाराही नाही.

ती मुलगी बराच वेळ फळ्याकडे पाहत होती. मग म्हणाली, “म्हणजे हे पहिल्यापासून असंच होतं, असं कुणी म्हणू शकत नाही.” आमच्या मते, प्राचीन इतिहास शिकवण्याचे सारे प्रयोजन या एका वाक्यात आले. जे आज आहे ते अनादिकालापासून चालत आले आहे, असे ज्याला सांगितले जाते, त्याच्या हाती पुराव्याची मागणी करण्याची सवय द्यावयाची असते. मात्र ही सवय दोन्ही बाजूंनी लागू पडते. आपल्याला आवडणाऱ्या गोष्टीसही पुरावा लागतो, हेही तिला त्याच तासाला शिकावे लागले, आणि आम्हांसही.

त्यानंतर आम्ही काळाची दोरी मैदानात आणली. एक मीटर म्हणजे शंभर वर्षे. आज जिथे उभे आहोत तिथून मोहेंजोदडोच्या भरभराटीचा आरंभ सुमारे ४६ मीटरवर, तथागतांचा काळ सुमारे २५ मीटरवर, सम्राट अशोक बावीस-तेवीस मीटरवर. आणि २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, तो दिवस जेमतेम एका मीटरवर येतो. मोहेंजोदडोचे महास्नानगृह मातीतून वर आले ते १९२५-२६ च्या उत्खननात. साडेचार हजार वर्षांपूर्वी घरोघरी पाणी पोहोचवणाऱ्या नगराचे अवशेष जग कौतुकाने पाहत होते, त्याच सुमारास या देशातील माणसांना तळ्यावर पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागत होता. दोरीवरच्या या दोन खुणा मुले पुन्हा पुन्हा चालत जाऊन पाहतात.

मोहेंजोदडोची आणखी एक गोष्ट मुलांना विशेष भावते. तेथील सर्वांत उंच टेकाडावर नगर ओसाड पडल्यानंतर सुमारे दोन हजार वर्षांनी, कुषाण काळात बांधलेला मानला जाणारा बौद्ध स्तूप आहे. राखालदास बॅनर्जी १९२२ च्या सुमारास त्या स्तूपाच्या परिसरात उत्खनन करीत असताना त्यांच्या हाती त्याहून कितीतरी जुने अवशेष आले. १९२४ मध्ये जॉन मार्शल यांनी या संस्कृतीचा शोध जगास जाहीर केला. स्तूप शोधावयास गेलेल्या माणसास नगर सापडले.

शेवटचा धडा आम्ही घराजवळ आणतो. अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे. उत्तर हडप्पा काळातील वस्तीच्या खुणा तेथे मिळाल्या. १९७४ मध्ये तेथे जमीन खणताना एका भिल्ल शेतकऱ्यास ब्राँझची चार शिल्पे सापडली : बैलजोडीचा रथ हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा. हा शोध एका कष्टकऱ्याच्या हातून लागला, हे आम्ही आवर्जून सांगतो. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या इनामगावात शेतकऱ्यांनी पाणी वळवण्यासाठी घातलेला बांध व पाट आढळले आहेत.

आणि मग जुन्नर. सोपारा-कल्याणच्या बंदरांतून निघालेला माल नाणेघाट चढून जुन्नरमार्गे पैठणकडे जाई. हा घाट नकाशावर बोटाने चढला, की जुन्नरच्या परिसरात लेण्यांचे एवढे समूह का, हे मुलांना सांगावे लागत नाही. तेथील सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या दानलेखांत बांबूचे काम करणाऱ्यांच्या, काशाची भांडी घडवणाऱ्यांच्या आणि धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणींचे उल्लेख आहेत. ज्या हातांनी मोहेंजोदडोच्या विटा थापल्या ते निनावी राहिले. जुन्नरच्या कातळावर मात्र कारागिरांची नोंद झाली. नदी, डोंगर, घाट हे ‘इथेच का?’ या प्रश्नाचे उत्तर देतात. ‘कोणी?’ या प्रश्नाचे उत्तर माणसाला शोधावे लागते, आणि ते शोधण्याचा अधिकार प्रत्येक विद्यार्थ्यास आहे.

पालक बंधू-भगिनींना आमची एक विनंती आहे. मूल सुट्टीत घरी आले, की त्यास गावची नदी कोठून येते आणि कोठे जाते हे विचारा. आपण जे काम करता, मग ते विटा थापण्याचे असो, टोपल्या विणण्याचे असो, की नांगरणीचे, ते कसे करावयाचे हे त्यास दाखवा. ते संकोचाने नव्हे, तर ज्ञान म्हणून सांगा. माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या गावाजवळच्या लेण्याची, पांढरीच्या टेकाडाची, जुन्या वाटेची माहिती विद्यालयास कळवावी. आमचा नकाशा अजून जमिनीवरच पसरलेला आहे, आणि त्यावर आपल्या गावांच्या खुणा करावयाच्या आहेत.