चौकटीबाहेरचंही दाखवणारा कॅमेरा

प्रश्न : डीएसएलआर जड म्हणून कपाटातच राहतो. नातवंडांचे, गल्लीतले फोटो हौसेनं काढायचे आहेत. रेंजफाइंडर धाटणीचा कॅमेरा घ्यावा का?

उत्तर : जरूर घ्या. मी फुजीफिल्मची एक्स१०० मालिका सुचवेन. हा खरा रेंजफाइंडर नव्हे. १९५४ च्या लायका एम३मध्ये दोन प्रतिमा एकमेकींवर जुळवून फोकस साधावा लागतो. इथे ऑटोफोकस आहे. पण त्या जातीचं खरं सुख यात आहे : ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमध्ये चौकटीबाहेरचंही दिसतं. नात चौकटीत धावत येण्याआधीच तुम्हाला दिसते, बोट तयार राहतं. शटरचा आवाज इतका हलका, की रंगलेल्या गप्पा थांबत नाहीत. लेन्स एकच, ३५ मिमीच्या तोडीची, न बदलणारी. झूम नाही म्हणून बिचकू नका, स्वतः पुढे-मागे व्हायचं. पक्षी टिपायचे असतील तर मात्र हा कॅमेरा नकोच.

नवा एक्स१००व्हीआय महाग आहे. घरगुती फोटोंना २०१७ चा, २४ मेगापिक्सेलचा एक्स१००एफ पुष्कळ झाला. वापरलेला घेताना व्ह्यूफाइंडर बदलणारी पुढची कळ आणि अपर्चरची रिंग दुकानातच चालवून पाहा.