यजमानाचा मान व गुरूचें काम

घरीं लग्नकार्य असलें म्हणजे यजमानास निमंत्रणाची वाट पाहावी लागत नाहीं; परंतु पंक्तीची शोभा त्यासच राखावी लागते. जागतिक फुटबॉल स्पर्धा भरविणाऱ्या देशाचेंहि तसेंच आहे.

इ. स. २०१७ च्या ऑक्टोबरांत १७ वर्षांखालील मुलांची जागतिक स्पर्धा आपल्या देशांत झाली. संघ २४ व नगरें ६. त्यांत महाराष्ट्रांतील नवी मुंबई होती. यजमान म्हणून भारतास पात्रतेचे सामने न खेळतां प्रवेश मिळाला. प्रशिक्षक पोर्तुगालचे लुईस नॉर्टन द मातोस हे त्याच वर्षीं मार्चमध्यें नेमले गेले. हातीं अवघे ७ महिने. संघांत कोल्हापूरचा अनिकेत जाधवहि होता.

ता. ९ रोजीं दिल्ली येथें कोलंबियाविरुद्ध ८२ व्या मिनिटास जीक्सन सिंग यानें डोक्यानें चेंडू मारून बरोबरी साधली. विश्वचषकांत, कोणत्याहि वयोगटांत, भारताचा हा पहिलाच गोल! परंतु पुढच्याच मिनिटास कोलंबियानें पुन्हा आघाडी घेतली. भारत तीनहि सामने हरला.

मग गुरूचे श्रम व्यर्थ गेले काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. गोल उत्साहानेंहि होतो. पण आनंदाच्या भरांत सावध राहणें ही संवय आहे, आणि संवय वर्षानुवर्षांच्या अभ्यासानें जडते. ७ महिन्यांत तिचा पाया घालतां येतो, कळस चढवितां येत नाहीं.

राजूरच्या विद्यार्थ्यांनो, प्रवेश मिळणें निराळें व उत्तीर्ण होणें निराळें, हें आपण सर्वांनीं ध्यानीं धरूं या.