समुद्राचं पाणी म्हणजे जखमेवरचं औषध नव्हे

"डॉक्टर, नुसतं खरचटलंय. दिवसभर समुद्रातच होतो, मिठाच्या पाण्यानं जखम आपोआप स्वच्छ झाली असेल ना?"

बेटांवरून सुट्टी घालवून आलेले पेशंट हा प्रश्न मला हमखास विचारतात. गोव्यात मोरजिमला काइटसर्फिंग शिकलेल्या जोडप्यांना आता फिजी आणि कूक बेटांची ओढ लागली आहे. जरूर जा. फिजीत मे ते ऑक्टोबर आग्नेय व्यापारी वारे वाहतात, पाऊस कमी असतो आणि डासही तुलनेनं कमी असतात. काइटसाठी आणि तब्येतीसाठी हेच महिने चांगले. पण तिथलं उथळ, निळं पाणी ज्या प्रवाळाच्या, म्हणजे कोरलच्या, कड्यानं अडवलेलं असतं, तो कडा करवतीसारखा धारदार असतो. पाणी कमरेएवढंच आहे म्हणून आपण निर्धास्त उभे राहतो आणि नेमके तिथेच पाय कापून घेतो.

गेल्या वर्षी पस्तिशीचा एक इंजिनिअर बायकोबरोबर फिजीला गेला. चौथ्या दिवशी काइटसर्फिंग करताना पतंग पाण्यात पडला. तो सावरताना याची नडगी कोरलला घासली. दोन इंचांचा ओरखडा, रक्तही जेमतेम. बायको म्हणाली, खोलीवर जाऊन साबणानं धुऊ. हा म्हणाला, समुद्र धुतोय की! पुढचे तीन दिवस तो तीच जखम घेऊन पाण्यात उतरला. रात्री घरून नेलेली ट्यूब चोळायचा, तीच जी आपल्याकडे खाज, नायटा, पुरळ सगळ्यालाच लावतात आणि जिच्यात स्टिरॉइड असतं. माझ्यासमोर आला तेव्हा नडगी लालभडक आणि गरम, घोट्यापर्यंत सूज, अंगात ताप. रक्तातली साखर 286 निघाली. आपल्याला मधुमेह आहे हे त्याला तोवर माहीतच नव्हतं. जखम उघडून धुतली तेव्हा आतून तांदळाच्या कणीएवढे कोरलचे तीन तुकडे निघाले. आठवडाभर ॲडमिट राहावं लागलं. पाय वाचला, कारण बायकोनं त्याचं काही न ऐकता विमानतळावरून थेट दवाखाना गाठला.

मीठ जंतू मारतं, हे आपण लोणच्यावरून शिकलो. लोणच्यातलं मीठ आणि समुद्रातलं मीठ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. समुद्राच्या पाण्यात साधारण साडेतीन टक्के मीठ असतं. व्हिब्रिओ जातीच्या जंतूंना असं कोमट, खारं पाणी भारी मानवतं. आम्ही जखम धुतो ते सलाइन 0.9 टक्क्यांचं असतं आणि मुख्य म्हणजे निर्जंतुक असतं. शिवाय कोरल हा दगड नव्हे. चुनखडीच्या सांगाड्यावर वाढणारे ते जिवंत प्राणी आहेत. त्यांचे बारीक कण आणि शेवाळ कातडीखाली अडकून राहतं. म्हणून अशी जखम वरून मिटल्यासारखी दिसते आणि आत पिकत राहते.

मग करायचं काय? पाण्याबाहेर या, लगेच. नळाच्या किंवा बाटलीच्या स्वच्छ पाण्यानं आणि साबणानं भरपूर धुवा. उकळून घेतलेल्या चिमट्यानं दिसणारे कण काढा, नव्या मऊ ब्रशनं हलकेच घासा. दुखेल, तरी घासा. मग पोव्हिडोन आयोडीन आणि कोरडी पट्टी. जखम भरेपर्यंत समुद्र बंद. सुट्टीचे चार दिवस वाया जातील, मला मान्य आहे. पण दवाखान्यातला आठवडा त्याहून महाग पडतो.

व्हिडिओत सांगतात तसं लिंबू पिळू नका, हळद भरू नका. मागच्या आजारपणातल्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या तर मुळीच घेऊ नका. समुद्रातल्या जंतूंवर त्या चालतीलच असं नाही, आणि दोन गोळ्यांनी असा संसर्ग बरा होत नाही.

घाबरायचं मात्र कारण नाही. नीट धुतलेले बहुतेक ओरखडे बरे होतात, फक्त वेळ घेतात. कडेची थोडी लाली आणि खाज काही दिवस राहू शकते. पण लाली तासातासाला पसरत असेल, जखमेतून वर जाणारी लाल रेघ दिसत असेल, पू किंवा काळपट फोड आले असतील, थंडी वाजून ताप आला असेल किंवा जखमेच्या मानानं वेदना फारच जास्त असतील, तर सकाळची वाट पाहू नका. मधुमेह किंवा यकृताचा आजार असणाऱ्यांनी तर पहिल्याच लक्षणाला डॉक्टर गाठावा. रोज संध्याकाळी दोघांनी एकमेकांचे पाय उजेडात नीट बघावेत. आपला तळवा आपल्याला दिसत नाही, जोडीदाराला दिसतो.

मासे खाणाऱ्यांसाठी एक गोष्ट. त्या बेटांभोवतीच्या प्रवाळात राहणाऱ्या काही माशांत सिग्वाटेरा ही विषबाधा करणारं विष असतं. ते शिजवून जात नाही, फ्रीजमध्ये ठेवून जात नाही, त्याला वासही नसतो. बराकुडा टाळा, मोठे ग्रूपर टाळा. मासा खाल्ल्यावर उलट्या-जुलाब झाले, ओठांना मुंग्या आल्या आणि गार पाणी भाजल्यासारखं लागू लागलं, तर ते अपचन नव्हे.

तिकीट काढण्याआधी रक्तातली साखर तपासा. धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं ते आठवा. कोरलची जखम मळकट समजली जाते, पाच वर्षं उलटून गेली असतील तर बूस्टर लागतो. पायात जाड तळव्याचे सर्फिंगचे बूट हवेतच. विम्याच्या कागदात काइटसर्फिंग वगळलेलं नाही ना, हे वाचून घ्या. लहान बेटांवरून गंभीर पेशंटला विमानानं दुसऱ्या देशात हलवावं लागतं. त्याचा खर्च विमा उचलतो का, तेही विचारा.

तो इंजिनिअर यंदा जूनमध्ये कूक बेटांतल्या ऐतुताकीला जायचं म्हणतोय. साखर आता आटोक्यात आहे, बूट आणून दाखवले, मी हो म्हटलं. निघताना बायकोनं हळूच विचारलं, परतल्यावर बाळाचा विचार केला तर चालेल का? प्रश्न रास्त होता, कारण तिथल्या पॅसिफिक बेटांवर झिकाच्या साथी येऊन गेल्या आहेत. डास चावल्यानं होणारा हा आजार गर्भातल्या बाळाच्या मेंदूला इजा करतो आणि शरीरसंबंधातूनही पसरतो. तिला सांगितलं, ताप आला नाही तरी परतल्यावर तू किमान दोन महिने थांब आणि त्यानं तीन महिने. म्हणजे दोघांनी मिळून तीन.