नजरेआधी झाकण

रांगतं-धावतं मूल हौदात किंवा टिपाडात पडल्याचं कळलं की गावात पहिला प्रश्न ठरलेला असतो: आई काय करत होती? अहिल्यानगर जिल्ह्यात त्याचं उत्तरही बहुधा ठरलेलंच. भाकरी थापत होती, नळाचं पाणी भरत होती, नाहीतर खुरपायला गेली होती. दिवसभर मुलावर डोळे लावून बसणं तिला शक्य नव्हतं, कुणालाच नसतं. म्हणून ‘पोराकडे लक्ष ठेव’ हा सल्ला मला अपुरा वाटतो. धोका आधी झाकावा, आणि उरलेल्या वेळी लक्ष कोणी ठेवायचं ते नाव घेऊन ठरवावं.

हा जिल्हा पर्जन्यछायेतला. कित्येक गावांत नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे पाणी साठवणं ही घराघराची गरज आहे. टिपाड, बादल्या, जमिनीतली टाकी, जनावरांचा हौद, सगळं भरलेलं. दीड वर्षाच्या मुलाचं डोकं शरीराच्या मानाने जड असतं. पाण्यातला मग घ्यायला ते वाकतं, तोल जातो आणि डोकं खाली जातं. भरलेली बादली वजनामुळे उलटत नाही, आणि उलटं पडलेल्या मुलाला स्वतःला वर उचलता येत नाही. वीतभर पाणी आणि काही मिनिटं पुरतात. ‘आवाज आला असता की’ असं लोक म्हणतात, पण तोंड पाण्यात गेल्यावर ओरडायला श्वासच उरत नाही. म्हणूनच स्वयंपाकघरातून कान देऊन भागत नाही. टिपाडाला घट्ट बसणारं झाकण, टाकीच्या पत्र्याला कडी, वापरून झालेली बादली पालथी आणि मोरीचं दार बंद, एवढं आधी हवं.

घराबाहेरची गोष्ट निराळी नाही. शेततळ्याचं प्लॅस्टिक ओलं झालं की मोठ्या माणसाचाही पाय ठरत नाही. कुंपण आणि काठाला बांधलेला दोर नसेल तर ते तळं अपुरंच समजावं. उघड्या बोअरबद्दल तर सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्येच निर्देश दिले: खोदताना कुंपण, केसिंगभोवती सिमेंटचा ओटा, तोंडावर पक्कं झाकण, आणि सोडून दिलेला बोअर तळापासून वरपर्यंत बुजवायचा. तरी मार्च 2023 मध्ये कर्जत तालुक्यातल्या कोपर्डीत ऊसतोड मजुराचा पाच वर्षांचा मुलगा उघड्या बोअरमध्ये पडून गेला. बचाव पथकं धावून आली. झाकण मात्र तिथे आधीपासून नव्हतं.

‘आम्ही नाही का असेच वाढलो?’ हा आक्षेप हमखास येतो. जे वाढले नाहीत ते हा प्रश्न विचारायला उरलेले नाहीत, हे त्यात विसरलं जातं. शिवाय आजोबांच्या लहानपणी शेतात सहा इंची बोअर नव्हते, प्लॅस्टिकची तळीही नव्हती. दुसरा आक्षेप जास्त विचार करण्याजोगा: सगळं बंद केलं तर मूल भित्रं होईल. पण ढेकळांवरून पडणं, गुडघा फुटणं, शेळीमागे धावणं यातून मूल शिकतं. बुडण्यातून शिकायला दुसरी संधी मिळत नाही. उलट पाणी झाकलेलं असलं की अंगणात मोकळं सोडता येतं. खोडकर पोराला कडेवर अडकवून ठेवावं लागत नाही.

झाकणाने सगळंच भागत नाही, हेही खरं. बांगलादेशातल्या खेड्यांत लहानग्यांच्या बुडण्याच्या घटना सकाळी मोठी माणसं कामात असताना जास्त घडतात, हे पाहून तिथे नऊ ते एक या वेळेत चालणारी ‘आँचल’ केंद्रं उघडली. तिथे जाणाऱ्या मुलांचे बुडून होणारे मृत्यू 80 टक्क्यांहून अधिक घटल्याचं अभ्यासात आढळलं. आपल्या अंगणवाडीचं शाळापूर्व शिक्षण तीन वर्षांपासून सुरू होतं. एक ते तीन हे सगळ्यात धडपडं वय घरीच राहतं. केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडता येतं. ऊस तोडणीच्या हंगामात कारखान्याभोवती कोप्या पडतात, तिथे त्याची मागणी आधी व्हायला हवी. तोवर घरात आजी, काकू, मोठी जाऊ यांनी तास वाटून घ्यावेत. आठ वर्षांच्या बहिणीवर हे काम टाकू नये, तीही पोरच आहे.

आणि मूल पाण्यात सापडलंच तर त्याला उलटं धरून गरगर फिरवू नका. श्वास चालत नसेल तर लगेच तोंडाने श्वास द्या, मग छाती दाबा, आणि दुसऱ्याला 108 लावायला सांगा.