परसबाग आणि पाळीव ससा : दोन्ही कसे राखावे?



या सदरातून आपण एरवी लागण, खोडवा, हुमणी आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी बोलतो. या वेळचा विषय काहींना हलका वाटेल. परंतु मुलांच्या हौसेखातर पांढरे ससे पाळणारी घरे आता वाडीवस्तीवरही दिसतात, आणि त्यांची तक्रार एकच असते. ससा मेथी खातो, कोथिंबीर खातो, कोबीची रोपे बुडख्यापासून साफ करतो. एवढेच काय, नव्या आंब्याच्या कलमाची सालसुद्धा कुरतडतो. तर यावर काय मारावे?

'काय मारावे' हा प्रश्नच मुळात चुकीचा आहे, आणि तेच सांगण्यासाठी हा लेख आहे. ऊसवाल्याच्या घरी औषधांची वाण नसते. पडवीच्या कोनाड्यात उरलेली पुडी असते, गोठ्याच्या माळ्यावर जुना डबा असतो. हाताशी आहे म्हणून वाफ्याभोवती चार दाणे टाकायचे, अशी सवय पडून गेली आहे. पूर्वी हुमणीसाठी सर्रास वापरले जाणारे थिमेट, म्हणजे फोरेट, याच्यावर २०२० सालाच्या अखेरपासून देशात बंदी आहे. तरी जुने डबे कुठे कुठे अजून निघतात. हे औषध आंतरप्रवाही आहे. मुळातून वर चढते, पानात उतरते. म्हणजे सशासाठी टाकलेले दाणे त्याच वाफ्यातल्या मेथीतून आपल्या ताटात येणार. उंदरांसाठीचे झिंक फॉस्फाईड तर त्याहून सोपे, कारण ते आमिषातच कालवलेले असते. ते ससाही खाईल, कोंबडीही खाईल आणि रांगते पोरही तोंडात घालील.

सशाच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. सशाला ओकारी होत नाही. कुत्रे-मांजर वाईट खाल्ले तर ओकून टाकते, सशाच्या शरीरात ती सोयच नाही. पोटात गेले ते गेले. फोरेटच्या जातीच्या विषावर डॉक्टर अ‍ॅट्रोपीन टोचतात, पण कित्येक सशांच्या रक्तात अ‍ॅट्रोपीन झपाट्याने मोडून टाकणारा घटक असतो, म्हणून ते औषधही त्यांना पुरेसे लागू पडत नाही. तेव्हा विषारी औषध सशाजवळ येऊच द्यायचे नाही. डांबराच्या गोळ्या आणि फिनेल यांचीही गणना आम्ही यातच करतो.

आता ससा कुरतडतो का, ते पाहू. खोडी म्हणून नव्हे. सशाचे दात जन्मभर वाढत राहतात. पुढचे दात वर्षाकाठी सुमारे १० ते १२ सेंटीमीटर वाढतात. रोज चघळून ते झिजवले नाहीत तर वाकडे वाढून जबडा मिटेनासा होतो आणि जनावर उपाशी मरते. शिवाय त्याचे आतडे सतत चालू राहण्यासाठी तंतुमय चारा लागतो. ज्या घरी सशाला नुसती भाकरी, बिस्किटे आणि मूठभर हिरवा पाला मिळतो, तिथला ससा परसात सुटला की दिसेल त्याला दात लावणार. मग त्याला दगड मारून काय होणार?

म्हणून पहिला उपाय चाऱ्याचा. सशाच्या खाण्यात चार हिश्श्यांपैकी तीन हिश्श्यांहून अधिक वाळलेले गवत हवे. हरळी, मारवेल, पवना यांपैकी जे बांधावर असेल ते कापून सावलीत वाळवा आणि दिवसरात्र समोर ठेवा. पण ज्या बांधावर तणनाशक मारले आहे तिथले गवत नको, हे घरातल्या पोरांनाही सांगून ठेवा. लसूणघास चांगला, परंतु त्यात चुना जास्त असतो, म्हणून मोठ्या सशाला थोडाच द्यावा. कारखान्याच्या भागात लाडाने उसाचे कांडे किंवा गुळाचा खडा देतात, ते बंद करावे. साखरेने सशाचे पोट बिघडते. सुबाभळीचा पाला शेळ्यांना चालतो म्हणून सशालाही टाकतात. त्यात मायमोसीन नावाचे द्रव्य असते, त्याने सशाचे केस गळू लागतात. दात झिजवायला पेरूच्या किंवा तुतीच्या कोवळ्या काटक्या द्याव्यात. मोकळे सोडण्यापूर्वी ससा गवताने पोटभर असला म्हणजे वाफ्याची नासधूस बरीच कमी होते, पण संपत नाही. म्हणून दुसरा उपाय कुंपणाचा.

कुंपणाची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. ऑस्ट्रेलियात १८५९ साली थॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदाराने शिकारीच्या हौसेने इंग्लंडहून काही ससे आणून आपल्या मळ्यात सोडले. त्यांची पैदास इतकी झाली, की १९०१ ते १९०७ या काळात पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सरकारने शेती वाचवायला शेकडो मैलांची जाळी उभारली. त्यांतले पहिलेच कुंपण १,८०० किलोमीटरहून लांब होते. पण ते पुरे होण्यापूर्वीच ससे पलीकडे पोचले होते! आपला वाफा दहा फूट बाय दहा फुटांचा. चाळीस फूट जाळीत आपले काम भागते, फक्त ती वेळेत आणि नीट लावली पाहिजे.

चार फूट रुंदीची, एक इंची भोकाची मजबूत जाळी घ्या. घरात पिल्ले असतील तर अर्ध्या इंचाची. वाफ्याभोवती अर्धा फूट खोल चर काढा. जाळीचा अडीच फूट भाग जमिनीवर उभा राहील, अर्धा फूट चरात जाईल आणि उरलेला एक फूट चराच्या तळाशी आडवा वळवून मातीने दाबायचा. हा आडवा पट्टा कोणत्या बाजूला वळवायचा, इथेच बहुतेकांची गल्लत होते. ज्या बाजूला ससा, त्या बाजूला. ससा जाळीच्या अगदी बुडाशी उकरायला लागतो. तिथे खाली जाळी लागली की कंटाळतो. दोन हात मागे जाऊन उकरावे, हे त्याला सहसा सुचत नाही. जाळीला आधार म्हणून सहा-सहा फुटांवर बांबू पुरावेत. आपल्याकडे हमखास राहणारी फट म्हणजे पाण्याचा पाट. पाट जिथून वाफ्यात शिरतो तिथे पाईपचा तुकडा बसवून त्याच्या तोंडाला जाळी बांधा. फाटकाखाली शहाबादी फरशीचा तुकडा बसवा. काटेरी तार या कामी नको, आणि रानडुकरांसाठीचे झटका यंत्र तर मुळीच नको. सशाचे अंग केवढेसे, आणि परसात मुले खेळतात.

कलमांना आणि शेवगा-पपईच्या रोपांना स्वतंत्र जाळीचे नळकांडे करावे. उंची दोन फूट आणि खोडापासून चार बोटे अंतर, कारण ससा मागच्या पायांवर उभा राहून तोंड घालतो. खोडाची साल चहूबाजूंनी कुरतडली गेली तर मुळांकडे अन्न जाणे थांबते आणि झाड वाळते. गोणपाट गुंडाळून उपयोग नाही, ससा तेही खातो.

जाळीला पैसे पुरत नसतील तर उलटे करा. बागेऐवजी सशालाच कुंपण घाला. सहा फूट लांब, तीन फूट रुंद, दोन फूट उंच असा बिनतळाचा पिंजरा बांबूच्या कामट्या आणि जाळी वापरून घरीच होतो. वरून झाकण हवे, नाहीतर मांजर, मुंगूस आणि मोकाट कुत्री सोडणार नाहीत. तो हरळीवर ठेवायचा आणि रोज जागा बदलायची. ससा तिथेच चरतो, उकरायला लागेपर्यंत पिंजरा पुढे सरकलेला असतो. सोडायची वेळ सकाळ-संध्याकाळची ठेवा. ससा त्या वेळीच खरा जागा असतो, आणि दुपारचे ऊन त्याला सोसत नाही. सशाला अंगभर घाम येत नाही. तीस अंशांवर पारा गेला की तो धापा टाकू लागतो, चैत्र-वैशाखात तर दगावतोही. पिंजऱ्यावर पाचटाची जाड शाकारणी आणि आत मातीच्या भांड्यात गार पाणी ठेवावे. पाचट अंथरायला मात्र वापरू नका, त्याच्या कडा करवतीसारख्या असतात आणि सशाच्या तळव्यांना गादी नसते, नुसते केस असतात.

मिरची-लसणाच्या पाण्याची फवारणी काहीजण सांगतात. चार दिवस गुण येतो, पाऊस पडला की धुऊन जातो, आणि भुकेला ससा तेही चालवून घेतो. करायचीच तर पानांवर करा, सशाच्या अंगावर नको, डोळ्यांना झोंबते.

उलट काही झाडांपासून सशालाच वाचवावे लागते. कॉलनीच्या रस्त्याकडेची कण्हेर, पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, धोत्रा, रुई, घाणेरी, एरंडाच्या बिया ही सर्व विषारी आहेत. टोमॅटो-बटाट्याचा पाला आणि कांद्याची पातही सशाला बाधते. कुंपणाची कण्हेर छाटली की फांद्या परसात टाकून ठेवू नका. सशाने खाणे सोडले आणि दहा-बारा तास लेंडी टाकली नाही तर उद्या बघू म्हणू नये. मिठाचे पाणी, तेल असे काही पाजत न बसता पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. विषाचा संशय असेल तर ती पुडी किंवा पानेही बरोबर न्या.

इथे एक खुलासा. तोडणीच्या वेळी उसाच्या फडात कधीकधी सशाची पिल्ले सापडतात आणि कोणीतरी हौसेने घरी आणतो. तो आपला रानससा. बाजारातला पांढरा ससा वेगळ्या जातीचा; त्याची पिल्ले डोळे मिटलेली आणि उघडी जन्मतात, रानसशाची पिल्ले मात्र जन्मतःच डोळे उघडे आणि अंगावर लव घेऊन येतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये रानससा धरणे किंवा पाळणे हा गुन्हा आहे. पिल्लू एकटे दिसले म्हणून ते पोरके असतेच असे नाही. आई दिवसा लांब राहते आणि अंधारात येऊन पाजते. त्याला उचलून जवळच्या न तोडलेल्या सरीत किंवा बांधाच्या गवतात ठेवावे.

नर-मादी मात्र वेगळी ठेवा. चार-सहा महिन्यांत ती वयात येतात आणि गाभण राहिल्यापासून सुमारे एकतीस दिवसांत विते. दोन सशांचे डझनभर झाले की मग कोणतीच जाळी पुरत नाही.

राहता राहिल्या लेंड्या. त्या फेकू नका. शेणासारख्या त्या तापत नाहीत, म्हणून वांगी, दोडका, पपई यांच्या बुडाशी थेट टाकता येतात. मेथी-कोथिंबीर कच्ची खात असाल, तर त्या वाफ्यासाठी लेंड्या पाचटाबरोबर खड्ड्यात कुजवून मगच घालाव्यात.