समुद्रकिनाऱ्यावरचा निबंध

(निबंध लिहायला बसले की अनेकांना काही सुचत नाही. सुचते कसे व कोठून, हे एका शिक्षकांनी या पाठात आपल्या अनुभवातून सांगितले आहे.)

सहामाही परीक्षेत निबंधाचा विषय होता, ‘समुद्रकिनारी एक दिवस’. मी नववीच्या उत्तरपत्रिका तपासायला बसलो. पहिल्या उत्तरपत्रिकेत ‘निळाशार समुद्र आणि सोनेरी वाळू’ होती. दुसरीतही तीच. ४१ उत्तरपत्रिकांत एकच समुद्र! मला राग आला. पण लगेच आठवले, हा निबंध मीच फळ्यावर लिहून दिला होता आणि मीही तो गाईडमधून उतरवला होता. चूक मुलांची नव्हती.

जानेवारीत आमची सहल रायगड जिल्ह्यातील मुरुडला गेली. एसटीतून उतरताच मी सांगितले, “आज वही संध्याकाळीच उघडायची. तोपर्यंत फक्त पाहायचे.”

सकाळी ओहोटी होती. पाणी दूर गेले होते. समोर समुद्रात पद्मदुर्ग किल्ला दिसत होता. ओली वाळू सोनेरी नव्हती, करडी होती. तिच्यावर ज्वारीच्या दाण्यांएवढ्या गोळ्यांची नक्षी पसरली होती.

“सर, हे गोळे कोण करते?” एका मुलीने विचारले. इतक्यात बिळातून नखाएवढा खेकडा बाहेर आला. तो वाळू तोंडात घेई, तिच्यातील बारीक अन्न काढून घेई आणि उरलेल्या वाळूचा गोळा करून बाजूला टाकी.

“ओहोटीनंतर सुमारे ६ तासांनी भरती येते,” मी म्हणालो. “तेव्हा ही नक्षी पुसली जाईल. पाणी ओसरले की खेकडे पुन्हा कामाला लागतील.”

“म्हणजे यांची पाटी रोज कोरी!” ती हसून म्हणाली.

पुढे एक कोळीकाका जाळे दुरुस्त करत बसले होते. मुलांनी विचारले, “काका, ही होडी कोणाची?”

“आमच्या नाखवाची.”

“नाखवा म्हणजे?”

“होडीचा धनी.”

एक मुलगी एकदम म्हणाली, “सर, उर्दू कवितेत ‘नाखुदा’ येतो. तोच का हा?”

तोच होता. फारसीतील ‘नाखुदा’ कोकणच्या किनाऱ्यावर ‘नाखवा’ झाला होता. मग मुलांना खेळच सापडला. दर्या, किनारा, जहाज, बंदर, तुफान, खलाशी... हे शब्द मराठीतही आहेत आणि उर्दूतही. ज्या भाषेची मुलांना भीती वाटे, तिचे कितीतरी शब्द त्यांना आधीपासूनच येत होते.

एक मुलगा मात्र लांब एकटाच बसला होता. मराठीत तो नेहमी नापास होई.

“सर, मला काही सुचत नाही,” तो खाली मान घालून म्हणाला.

“राहू दे. समोर काय दिसते, तेवढे सांग.”

“एक होडी जाते आहे.”

“मग तिच्याकडेच पाहा.”

तो बराच वेळ पाहत राहिला.

दुपारी भरती आली. वाळूवरचे गोळे दिसेनासे झाले. सूर्य कलल्यावर सर्वांनी वह्या उघडल्या. त्या मुलाने पाचच वाक्ये लिहिली होती :

‘होडी लांब गेली. आधी तिचे अंग बुडाले, शेवटी डोलकाठी बुडाली. पण होडी बुडाली नव्हती. ती फक्त दिसत नव्हती. माझे अब्बा जहाजावर खलाशी आहेत.’

पृथ्वी गोल असल्यामुळे होडी अशी दिसेनाशी होते, हे त्याने भूगोलात वाचले होते. आज त्याने ते पाहिले होते. त्याच्या लिहिण्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका होत्या. मी लाल पेन खिशातच ठेवले आणि म्हणालो, “हा निबंध कोणत्याही गाईडमध्ये नाही.”

त्या दिवसापासून मी फळ्यावर निबंध लिहून देणे सोडले.

शब्दार्थ
भरती – समुद्राचे पाणी चढणे (उर्दू : मद्द)
ओहोटी – समुद्राचे पाणी उतरणे (उर्दू : जज्र)
करडी – राखेसारख्या रंगाची
ओसरणे – कमी होणे, मागे हटणे
डोलकाठी – होडीवरचा उंच खांब (उर्दू : मस्तूल)

स्वाध्याय
प्र. १. एका वाक्यात उत्तर लिहा.
(अ) वाळूवरची नक्षी कोण करत होते?
(आ) ‘नाखवा’ हा शब्द कोणत्या शब्दापासून आला?
प्र. २. कारणे लिहा.
(अ) शिक्षकांना मुलांची चूक वाटली नाही.
(आ) शिक्षकांनी लाल पेन खिशातच ठेवले.
प्र. ३. होडीबद्दल लिहिताना त्या मुलाला अब्बांची आठवण का झाली असेल? तुमच्या शब्दांत लिहा.
उपक्रम : घराजवळची एखादी गोष्ट १५ मिनिटे नीट पाहा. जे दिसले, तेवढेच पाच वाक्यांत लिहा.